दाजींची विमानतळाची तालीम

गुरुवार, २२ नोव्हेंबर २०१८. पेण.
पहाटे गारवा. दूध उशिरा आलं. पावणेआठला मैनाबाई मस्कतला जायला निघाल्या. सोबत दाजी, गाडी त्यांच्या भाच्याची, महिपतीची. विमान दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी. सरूचं ऑपरेशन उद्या सकाळी. निघताना दाजींनी मैनाबाईंचा पासपोर्ट तीन वेळा उघडून पाहिला. मैनाबाईंनी एकदाही नाही.

मनोरमाबाई टिपणीस यांच्या वहीत त्या सकाळचं एवढंच आहे. बाकीचं दाजी म्हात्र्यांनी त्यांना पुढच्या पंधरा दिवसांत सांगितलं, कधी फाटकाशी उभं राहून, कधी चहाचा कप हातात धरून आणि तो प्यायचा विसरून.

दाजींना पेणमध्ये एके काळी 'एअरपोर्टवाले दाजी' म्हणत. ते विमानात कधी बसले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. खाडीकाठच्या गावात, मिठागरावर राबणाऱ्या घरात ते वाढले. बापाबरोबर मीठ ओढून पायांना चिरा पडल्या तेव्हा त्यांनी ठरवलं की पाय वाचवणारा धंदा करायचा, आणि गाडी शिकले. आधी दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःची जीप घेतली. आखातात माणसं जायला लागली तसं त्या जीपला काम मिळालं. पेणहून, रोह्याहून, मधल्या खेड्यांतून फिटर, वेल्डर, सुतार निघायचे. त्यांना मुंबईला सहारच्या विमानतळावर सोडायचं आणि दोन वर्षांनी आणायला जायचं, हे दाजींचं काम.

पहिल्या वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, त्यांनी पोपटला नेलं. पोपट रोह्याचा, चांगला फिटर, दाजींच्याच वयाचा. त्याला सोडायला दोन जीप भरून माणसं आली होती. हार झाले, नारळ झाला, पोपट काचेच्या दारातून आत गेला. तीन तासांनी तो त्याच दारातून बाहेर आला, बॅग हातात, गळ्यातला हार तसाच.

झालं होतं ते असं. शिक्का मारणाऱ्या साहेबाने त्याचा पासपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, "कुठं चाललास?" आता निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. विचारलंच कोणी, तर माणूस परत फिरतो, घडीभर बसतो, पाण्याचा घोट घेतो आणि नव्याने निघतो. पोपटने तेच केलं. त्याने साहेबाच्या हातातून पासपोर्ट अलगद काढून घेतला, मागे फिरला, भिंतीशी जाऊन उकिडवा बसला. पाच मिनिटांनी पुन्हा रांगेत उभा राहिला. पण तोवर साहेबाने दोन शिपाई बोलावले होते. निघालेला माणूस प्रश्न ऐकून पळतो म्हणजे काहीतरी भानगड आहे. त्याला एका खोलीत बसवून इतकं विचारलं की विमान निघून गेलं.

परतीच्या वाटेवर पोपट रडला नाही, चिडला नाही. पनवेल सोडल्यावर एवढंच म्हणाला, "दाजी, आत काय असतं ते कोणी सांगितलंच नाय रे."

हे वाक्य दाजींना लागलं. पोपट दोन महिन्यांनी पुन्हा गेला, अकरा वर्षं मस्कतला राहिला, रोह्याला स्लॅबचं घर बांधलं. पण दाजींनी त्या दिवसापासून एक गोष्ट धरली: आपल्या जीपमधून गेलेला माणूस त्या दारातून परत येता कामा नये.

त्यांना दाराच्या आत सोडत नसत. म्हणून ते परत येणाऱ्यांना पकडत. दोन वर्षांनी घरी आलेला माणूस जीपमध्ये बसून बायकोपोरांचं विचारू बघायचा, आणि दाजी गियर टाकता टाकता म्हणायचे, "ते मागनं. आधी सांग, जाताना आत काय काय झालं. पयल्यापासनं." माणसं वैतागायची, पण सांगायची. कोण कुठे उभा होता, वजन कुठे केलं, पट्टे कुठे काढले, कोणी काय विचारलं. असं करून दाजींनी न पाहिलेला विमानतळ तोंडपाठ केला.

मग त्यांनी अंगणात तालीम सुरू केली. उद्या निघणाऱ्या माणसाला आज संध्याकाळी बोलवायचं. दोन बांबू पुरून त्यावर आडवा बांबू बांधलेला, ती झडतीची चौकट. खाटेवर बॅग ठेवायची आणि दाजींनी ती पलीकडे ओढायची, तो पट्टा. तुळशीशेजारी पाट मांडून त्यांची बायको मैना बसायची, ती शिक्क्याची साहेब. तिच्या नाकावर सासऱ्याचा जुना चष्मा असायचा, हातात कुंकवाच्या डबीचं झाकण. ते ती पासपोर्टवर दाणकन आपटायची. शेजारच्या मनोरमाबाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या, त्यांचं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं. जाताना भरायचं कार्ड त्या आदल्या दिवशीच भरून ठेवत आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून देत.

"कुठं चाललास?" मैना दरडावून विचारायची.

समोरच्याचा चेहरा उतरायचा. "काकी, निघताना असं नको ना."

"कोण काकी? मी साहेब हाय. कुठं?"

"मस्कत."

"कुठं?"

"मस्कत, साहेब."

"कशाला?"

असं दहा वेळा झालं की माणूस त्या 'कुठं'ला निबर व्हायचा. हीच तालमीची खरी गोम होती. बाकीचं लक्षात राहो न राहो.

शेवटचं ठाणं बाकड्याचं. ओट्यावर एक लाकडी बाकडं होतं. झडती झाली की त्यावर बसायचं, बॅग मांडीवर घ्यायची आणि हाक येईपर्यंत हलायचं नाही. "पुकारतात," दाजी सांगायचे. "विमानाचं नाव घेतात, गावाचं नाव घेतात. मोठ्यानं. दोन-दोनदा. आपण कान उघडे ठेवायचे न् बूड टेकून ठेवायचं." जिते गावचा एक जण दुकानं बघत फिरला होता आणि त्याचं विमान गेलं होतं. तेव्हापासून हा नियम दाजींनी सगळ्यात कडक केला. बाकडं सोडायचं नाय. नंतर मोबाइल आले, तेव्हा आणखी एक भर पडली: दारातून आत गेल्यावर फोन बंद करून ठेवायचा. झडतीच्या वेळी एकाचा फोन मोठ्या आवाजात गाऊ लागला होता आणि त्याला सगळ्यांदेखत बोलणी बसली होती.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत दाजींच्या मोजणीने चारशे अकरा माणसं त्या अंगणातून गेली. एकही परत आला नाही, म्हणजे दारातून. मग हळूहळू गिऱ्हाईक आटलं. नवीन पोरं डोलवीच्या कंपनीत लागली, जी जात ती फोनवर सगळं बघून जात. जीप विकली. बांबू मांडवाला गेले. २००९ नंतर दाजींनी कोणाला विमानतळावर नेलं नाही.

आणि आता मैनाच निघाली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी सरू मस्कतला होती. जावई जगन तिथे क्रेन चालवायचा. सरूचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. हे दुसरं. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलं होतं, मैनाने जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली होती, पण सातव्यात सरूचा रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. मग ऑपरेशनची तारीख आली, शुक्रवार सकाळ. जगनला शिफ्ट सोडता येत नव्हती; सुट्टी मिळाली ती ऑपरेशनपुरती, अर्ध्या दिवसाची. सरू फोनवर आईला एवढंच म्हणाली, "मला आत नेतील तवा तू तिथं पायजेस." व्हिसा उशिरा आला. तिकीट मिळालं ते आदल्या दुपारचं. ते विमान चुकलं तर शुक्रवारची सकाळ चुकली.

मैनाचा पासपोर्ट सरूने लग्नाच्या वर्षीच हट्टाने काढायला लावला होता. दाजींनी आपला काढला नव्हता. "मला कुठं जायचंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तीन दिवस संध्याकाळी तालीम झाली. या वेळी पाटावर दाजी आणि समोर मैना. ते काही जमेना.

"कुठं चाललीस?" दाजींनी विचारलं.

"अवो, असं नाय. आधी वर बघायचंच नाय. पासपोर्टची पानं उलटायची, मग तोंड न उचलता इचारायचं."

"तू प्रवासी हायस गो."

"व्हय, पण तुमचा साहेब भित्रा दिसतो."

फाटकापाशी उभ्या असलेल्या मनोरमाबाई हसल्या. त्यांनी या खेपेला कार्ड भरायला घेतलं नव्हतं. ते आता लागत नाही असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. दाजींना हे पटलं नव्हतं. "कार्ड नाय? मग सही कुठं करायची?" कार्ड गेलं तसं आणखीही काही गेलं असेल, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. त्यांनी बाकड्याचा नियम चार वेळा घोकून घेतला.

महिपती कंपनीची बस चालवणारा, विमानतळ त्याने फक्त पुलावरून पाहिला होता. साडेअकराला ते पोहोचले तेव्हा दाजींना आपण भलतीकडे आलो असं वाटलं. त्यांना ठाऊक असलेलं सहार कुठेच नव्हतं. उंचच उंच छत, पांढरे खांब, जिकडे तिकडे काच. गाडी थांबवू देईनात. महिपतीने सामान उतरवलं आणि गाडी लावायला गेला.

"दार एवढं मोठं झालं," दाजी म्हणाले.

"दार मोठं झालं म्हंजी माणसंबी वाढली असतील," मैना म्हणाली. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि पायात सरूने मागे पाठवलेले बूट घातले होते. "आता काय सांगायचं ते सांगून घ्या."

"दार, वजन, शिक्का, झडती, बाकडं."

"दार, वजन, शिक्का, झडती, बाकडं."

"बाकडं सोडायचं?"

"नाय."

"फोन?"

मैनाने फोन काढला, त्यांच्यासमोर बटण दाबून बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, दुपट्यांच्या खाली सरकवला. दारातल्या शिपायाने तिकीट-पासपोर्ट पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि ती आत गेली. एकदा वळून तिने हात वर केला. मग माणसांच्या पाठींमध्ये ती दिसेनाशी झाली.

इथपर्यंत सगळं तालमीसारखं झालं. दाजी कठड्यापाशी उभे राहिले. जुन्या सवयीने ते विमान उडेपर्यंत हलणार नव्हते. बारा वाजले, एक वाजला. महिपतीने वडापाव आणून दिला तो त्यांनी अर्धा खाल्ला.

दीडच्या सुमारास शेजारी एक बाई आली, नाशिककडची असावी. तिचा मुलगा नुकताच आत गेला होता आणि ती त्याच्याशी फोनवर बोलत होती. "हे बघ, गेटचा नंबर पाटीवर बघायचा. दर दहा मिनिटांनी बघ, बदलतो. आता हाका मारत नाहीत तिथे, बंद केलंय ते. आपलं आपण बघून उठायचं. मागच्या वेळी तुझे मामा बसून राहिले होते ना?"

दाजींनी आधी ऐकून सोडून दिलं. मग ते वाक्य पुन्हा त्यांच्या कानाशी आलं. ते त्या बाईकडे वळले.

"ताई, हाका मारत नाहीत म्हणजे?"

"नाही ना मारत आता. शांत असतं सगळं. पाट्या वाचायच्या."

"मस्कतच्या विमानाला तरी मारत असतील."

बाईने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "कोणत्याच नाही हो, काका. का?"

 दाजींनी खिशातून फोन काढून मैनाचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्यांच्या डोळ्यांसमोर ती दिसू लागली: कुठल्यातरी बाकड्यावर, बॅग मांडीवर, पाय जुळवून, कान उघडे ठेवून. ती सांगितलेलं मोडणारी बाई नव्हती. छत्तीस वर्षांत तिने त्यांना उलट उत्तरं पुष्कळ दिली होती, पण विमानतळाच्या बाबतीत एकदाही नाही. ते काम त्यांचं, असं ती मानायची. आता ती तिथे बसून राहणार. चार वाजतील, पाच वाजतील. आणि उद्या सकाळी सरूला आत नेतील.

ते दारापाशी गेले. वर्दीतली पोरगी होती, बोलण्यावरून बीडकडची.

"पोरी, मला पाच मिनिटं आत जाऊ दे. माझी बायको आत बसलीय."

"तिकीट?"

"नाय."

"मग नाही जाता येत, काका."

"ती उठणार नाय. मी तिला उठू नको म्हणून सांगितलंय."

पोरीला काही कळलं नाही. मागची रांग दाजींच्या अंगावर येऊ लागली. "तिकडं विमान कंपनीच्या खिडक्या आहेत," ती म्हणाली, "तिथं सांगून बघा. इथं थांबू नका."

खिडकीवर तीन माणसं पुढे होती. दाजी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिले. पुढच्या माणसाचं काम बॅगेच्या वजनावरून अडलं होतं. दाजींनी मध्ये तोंड घातलं तसा तो म्हणाला, "रांग आहे ना?" ते मागे सरले. परत फोन लावला. बंद.

खिडकीतल्या पोराने नाव विचारलं, बटणं दाबली. "चेक-इन झालंय त्यांचं. इमिग्रेशन पण झालं असेल आता."

"ते झालंच असंल. त्याची काळजी नाय. तिला कोणीतरी जाऊन उठवायला पायजे."

"झोपल्यात का त्या?"

"नाय हो. बसलीय."

"मग?"

दाजींनी सांगायचा प्रयत्न केला. अंगण, बांबू, पूर्वी पुकारायचे, जिते गावचा माणूस. त्यांचंच त्यांना कळत होतं की हे या पोराच्या कानात शिरत नाही. तो चांगला होता, हसला नाही. "मी गेटवर मेसेज टाकतो," म्हणाला. "सव्वातीनला बोर्डिंग सुरू होईल. पावणेचारला गेट बंद."

"मेसेज तिला कोण वाचून दाखवणार?"

"गेटवरची माणसं बघतील."

"ती गेटवर नसंल तर?"

 पोराने कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. मागचा माणूस पुढे झाला.

दोन वाजले होते. दाजी काचेला लागून चालत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेत आतलं दिसण्याऐवजी त्यांचंच तोंड दिसत होतं. एका ठिकाणी त्यांनी दोन्ही हातांनी कपाळावर आडोसा करून आत पाहिलं, तसं शिपायाने हटकलं. महिपती त्यांच्यामागे चालत होता.

"मामा, मामी शाणी हाय. इचारील कोणाला."

"ती इचारणार नाय. मी सांगितलंय की इचारायचं नाय. इचारलं की लोक फसवतात."

"ते बी सांगितलंत?"

"तवा फसवायचे."

 महिपती म्हणाला, "जगनला फोन करू?"

"करून काय सांगायचं? सरूच्या कानावर गेलं तर?" तिचा रक्तदाब त्यांना आठवला. जगनला फोन झाला नाही.

सव्वातीन झाले. साडेतीन. पावणेचार. दाजी पुन्हा खिडकीकडे गेले तर तिथे आता दुसरी पोरगी बसली होती आणि रांग दुप्पट झाली होती. त्यांनी रांग धरली आणि सोडली. सगळी नजर दारावर. पोपट जसा बाहेर आला होता तशी मैना येईल, लुगड्याचा पदर खोचून, बॅग ओढत, आणि येऊन काही बोलणार नाही, हेच सगळ्यात वाईट. त्यांना असंही वाटलं की आलीच तर बरं, निदान दिसेल तरी. चार वाजून पाच मिनिटं झाली. मग सव्वाचार. दारातून कोणी आलं नाही. ती उडाली असेल, किंवा अजून बसली असेल. दोन्हींचं बाहेरून दिसणारं रूप एकच होतं.

पावणेपाचला महिपती म्हणाला, "मामा, माझी रातपाळी हाय. निघाया पायजे."

"तू जा. मी थांबतो."

"कुठवर?"

 महिपतीने दाजींच्या दंडाला धरलं आणि ते त्याच्यासोबत गाडीपर्यंत गेले. पनवेलपर्यंत त्यांनी सोळा वेळा फोन लावला. पुढे लावायचं बंद केलं, कारण बॅटरी संपत आली होती आणि फोन आला तर घ्यायला हवा होता. खारपाड्याच्या पुलावर वाहनं तुंबली. दाजी दार उघडून खाली उतरले, पुढे चालत गेले, परत आले, बसले, पुन्हा उतरले. 

पेणला पोहोचले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. घराला कुलूप होतं आणि ते उघडायचं त्यांच्या जिवावर आलं. ते मनोरमाबाईंच्या फाटकातून आत शिरले, फोन त्यांच्या चार्जरला लावला आणि सांगायला लागले. त्यांचं सांगणं नीट होत नव्हतं. मधूनच ते फोनकडे बघत.

"बसा, दाजी."

"बसवत नाय, बाई."

"मस्कतची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. विमान पोहोचलं असलं तरी शिक्के, सामान, वेळ लागतो. तुम्हीच सांगायचात सगळ्यांना."

"माझं काय नका सांगू आता," दाजी म्हणाले.

आठला दहा मिनिटं असताना फोन वाजला. जगनचा नंबर. दाजींनी तो चार्जरसकट ओढला.

"हॅलो," मैना म्हणाली. "पोचले मी."

दाजी खाली बसले, जिथे होते तिथेच, उंबऱ्यावर.

"आयकताय ना? पोचले. जगन आलाय घ्यायला. सरू बरी हाय, आता तिच्याकडंच चाललो."

"तुला उठवलं कोणी?" दाजींनी विचारलं.

"कोणी नाय. तुम्ही सांगितलंत तशी बसले बाकड्यावर. लोखंडी हाय, थंडगार. बसले, बसले. समोर चार माणसं होती, ती उठून गेली, दुसरी आली. ती बी गेली, मग तिसरी आली. म्हटलं, माणसं तीनदा बदलली आणि एकालाबी हाक नाय आली. मग ही उठतात कशाच्या जोरावर? अर्धा घंटा इचार केला. तुमचं मोडायचं म्हणजे जिवावर आलं. मग उठले आणि एका वर्दीवालीला तिकीट दाखवलं. ती म्हणाली, आजी, तुमचं गेट पार पलीकडं हाय, चला चला. पळवलीच मला. हे बूट होते म्हणून बरं."

"किती वाजले होते?"

"साडेतीन वाजून गेले होते. माझ्यामागं चार-पाचच माणसं चढली."

"खिडकीवाल्यानं निरोप धाडला होता."

"मला काय नाय कोणी सांगितलं." मागे गाड्यांचा आवाज आला. "आणि तो शिक्क्याचा साहेब. काय पोरगा होता. कुठं चाललात, एवढं इचारलं, तेबी फोनकडं बघत. मी चार प्रश्नांची उत्तरं घेऊन उभी, तो म्हणतो जा. मी असते तर नसतं सोडलं."

दाजी हसले नाहीत. "फोन चालू ठेव आता," ते म्हणाले. "उद्या सरूला आत नेलं की कळव. बाहेर आली की कळव."

"व्हय. तुम्ही जेवून घ्या."

फोन बंद झाल्यावर मनोरमाबाईंना वाटलं की आता हे उठतील, घरी जातील. दाजी उठले, पण गेले नाहीत. ओट्यावरच्या ओट्यावर फेऱ्या मारू लागले.

"आता काय राहिलं?" बाईंनी विचारलं. "पोचली ना ती?"

"ती पोचली. जनूची सून हाय ना, रोह्याची. ती सोमवारी चाललीय कतारला, दोह्याला, दोन बारकी लेकरं घेऊन. गेल्या बुधवारी मी तिला सगळं सांगून आलो. मुद्दाम रेल्वेनं गेलो होतो. बाकड्याचं पण. ती पोरगी तर मैनापरीस भोळी."

त्यांनी तिथूनच नंबर लावला. जनू त्यांचा जुना ओळखीचा, पलीकडून तो मोठ्याने बोलत होता, मैना पोचली का, विमान वेळेवर होतं का. दाजींनी त्याला थांबवलं.

"सुनेला दे फोन." आणि ती आल्यावर, "पोरी, मी ते बाकड्याचं सांगितलं होतं ना? ते सोडून दे. बसायचं नाय. पाटी बघायची, नाय कळली तर वर्दीवालीला इचारायचं. इचारलेलं चालतं आता. आणि फोन बंद नाय करायचा, आवाज तेवढा बारीक कर." पलीकडून तिने काहीतरी विचारलं. 

"ते मला ठाऊक नाय," ते म्हणाले. "मी आत कधी गेलो नाय. उद्या नंबर देतो मैनाचा, तिला इचार. आज आलीय ती आतनं."

फोन ठेवून ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा गेले. बाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा ते तिसऱ्यांदा फाटकाशी होते. जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

नऊला मनोरमाबाईंनी वही उघडली. मैनाबाई पोचल्याची वेळ लिहिली, जगनचा नंबर लिहिला, आणि शेवटी लिहिलं: पिठल्याला बेसन कमी पडलं, शेवटची वाटी डब्याच्या तळातून काढली, उद्या आणायचं.